बशीतला स्नायू

एकाच गोठ्यातल्या दोन गोऱ्ह्यांपैकी एक खच्ची केला आणि दुसरा तसाच ठेवला, तर तीन वर्षांनी कोणता कोणता हे विचारावे लागत नाही. वळूची मान जाड होते, खांदे भरतात, वशिंड उभे राहते. बैल त्यामानाने सडसडीत राहतो. वृषण काढले की अंग तसे भरत नाही, हे शेतकऱ्याला पिढ्यानपिढ्या ठाऊक होते. मात्र वृषणातून निघणारा पदार्थ स्नायूच्या पेशीवर स्वतः काम करतो, की मेंदू, यकृत, रक्त अशा मध्यस्थांमार्फत करवून घेतो, हे जिवंत जनावराकडे पाहून कळण्यासारखे नव्हते. त्यासाठी स्नायूची पेशी शरीराबाहेर काढून काचेत वाढवावी लागली. हे जमायला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडला, आणि जमल्यावर मिळालेले उत्तरही बराच काळ धड नव्हते.

‘चयापचय’ या शब्दात दोन शब्द आहेत. चय म्हणजे रचणे, अपचय म्हणजे मोडणे. स्नायूत प्रथिने सतत रचली जातात आणि सतत मोडली जातात. जे संप्रेरक पारडे रचण्याच्या बाजूला झुकवते ते चयकारी, म्हणजेच रूढ भाषेत अ‍ॅनाबॉलिक. वृषणातून निघणारे टेस्टोस्टेरॉन हे त्यातले सर्वांत गाजलेले. इन्सुलिन, वाढीचे संप्रेरक आणि इन्सुलिनसारखा वाढघटक, म्हणजे आयजीएफ-१, हीही त्याच पंगतीत बसतात, आणि काचेतल्या प्रयोगांत त्यांतला आयजीएफ-१ टेस्टोस्टेरॉनला वरचढ ठरला.

1849 मध्ये ग्योटिंगेनच्या आर्नोल्ड बर्थोल्ड यांनी सहा कोंबड्यांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. वृषण काढलेल्या कोंबड्यांचे तुरे सुकले, त्यांचे आरवणे आणि झुंजणे थांबले. ज्यांच्या पोटात वृषण पुन्हा बसवले, ते कोंबडे कोंबड्यासारखेच वागत राहिले. नव्या जागी बसवलेल्या वृषणाला जुन्या मज्जातंतूंचा धागा उरलेला नव्हता. म्हणजे जे काही होत होते ते रक्तावाटे. निष्कर्ष लखलखीत होता, तरी तो पुढे अर्धशतक जवळपास अडगळीत पडून राहिला.

1 जून 1889 रोजी पॅरिसमध्ये 72 वर्षांचे शार्ल-एदुआर ब्राउन-सेकार यांनी कुत्रे आणि गिनीपिग यांच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतल्याचे जाहीर केले. ताकद वाढली, जिना चढता येऊ लागला, हाताच्या पकडीचा जोर यंत्रावर जास्त भरला, असे त्यांचे म्हणणे होते. अर्क पाण्यात काढलेला होता आणि टेस्टोस्टेरॉन पाण्यात जेमतेम विरघळते. म्हाताऱ्या प्राध्यापकांना आलेली तरतरी मनाची होती, असेच आज मानले जाते. थोड्याच वर्षांत, 1896 च्या सुमारास, ऑस्ट्रियातल्या ग्रात्समध्ये ऑस्कर झोथ आणि फ्रिट्स प्रेग्ल यांनी असाच अर्क टोचून घेऊन मधल्या बोटाच्या स्नायूचा थकवा एर्गोग्राफवर मोजला. हेच प्रेग्ल पुढे सूक्ष्म रासायनिक विश्लेषणासाठी 1923 चे नोबेल घेऊन गेले. चयकारी द्रव्य आणि स्नायू यांची गाठ मोजमापाच्या यंत्रावर पडली ती इथे, एका बोटापुरती का होईना.

खरे द्रव्य हाती यायला टनावारी कच्चा माल लागला. 1927 मध्ये शिकागो विद्यापीठात फ्रेड कोच आणि लेम्युएल मॅगी यांनी तिथल्या कत्तलखान्यांतून आणलेल्या वळूंच्या वृषणांच्या 40 पौंडांतून जेमतेम 20 मिलिग्रॅम परिणामकारक अर्क काढला. 1931 मध्ये आडोल्फ बुटेनांट यांनी पोलिसांच्या बराकींतून गोळा केलेल्या 15,000 लिटर लघवीतून 15 मिलिग्रॅम अँड्रोस्टेरोन हे पुरुषी संप्रेरक वेगळे केले. 1935 च्या मे महिन्यात अ‍ॅमस्टरडॅमच्या एर्न्स्ट लाकूर यांच्या गटाने वळूंच्या वृषणांतून स्फटिकरूप टेस्टोस्टेरॉन मिळवल्याचे कळवले. त्याच ऑगस्टमध्ये बुटेनांट आणि झुरिकचे लिओपोल्ड रुझिच्का यांनी आठवड्याच्या अंतराने ते कोलेस्टेरॉलपासून बनवल्याचे जाहीर केले. आता वृषणांचे ढीग नकोत, बाटलीतली पांढरी पूड पुरे. 1939 चे रसायनशास्त्राचे नोबेल या दोघांत वाटले गेले. नाझी सरकारने बुटेनांट यांना ते त्या वेळी घेऊ दिले नाही.

1935 मध्येच अमेरिकेतल्या रॉचेस्टरमध्ये चार्ल्स कोचाकियन आणि जॉन मर्लिन यांनी खच्ची केलेल्या कुत्र्यांना पुरुषांच्या लघवीतला अर्क टोचला आणि कुत्र्यांच्या लघवीतून बाहेर पडणारे नायट्रोजन मोजले. ते घटले. खाण्यातून आलेले नायट्रोजन शरीरातच राहत होते, म्हणजे त्याचे प्रथिन होत होते. चयकारी परिणाम आकड्यात मांडणारा हा प्रयोग. तीन वर्षांनी जॉर्ज पापानिकोलाऊ (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची ‘पॅप’ चाचणी यांचीच) आणि फाल्क यांनी गिनीपिगमध्ये पुरुषी संप्रेरकाने स्नायू फुगतात, त्यातही कानशिलाजवळचे चावण्याचे स्नायू विशेष फुगतात, असे दाखवले. एकाच प्राण्यातले सगळे स्नायू या संप्रेरकाला सारखे जुमानत नाहीत, ही गोष्ट तिथेच कागदावर आली होती. औषध कंपन्यांनी ती फारशी मनावर घेतली नाही.

त्यांना हवी होती एक झटपट कसोटी. 1950 मध्ये आयझेनबर्ग आणि गॉर्डन यांनी उंदराच्या गुदद्वाराजवळचा लेव्हेटर एनाय हा लहानसा स्नायू त्यासाठी पुढे केला आणि 1953 मध्ये हर्शबर्गर, शिप्ली व मायर यांनी ती पद्धत घासूनपुसून पक्की केली. खच्ची केलेल्या कोवळ्या उंदराला काही दिवस द्रव्य टोचायचे, मग हा स्नायू आणि पुरःस्थ ग्रंथी दोन्ही काढून तोलायची. स्नायू किती वाढला आणि ग्रंथी किती, यांचे गुणोत्तर म्हणजे त्या द्रव्याची चयकारी लायकी. टेस्टोस्टेरॉनच्या धर्तीची शेकडो कृत्रिम स्टेरॉइड या तागडीतून गेली. खोट अशी की उंदराचा हा स्नायू मुळात नराच्या समागमाच्या कामाचा. टेस्टोस्टेरॉन नसेल तर तो सुकतो, असेल तर तरारतो. पायाचे, पाठीचे स्नायू त्याच्या पासंगालाही पुरत नाहीत. सगळ्या गावाची परीक्षा एका अतिउत्साही मुलावरून घ्यावी तसा हा प्रकार होता, आणि 1950 च्या दशकातच काही शास्त्रज्ञांनी तसे बोलूनही दाखवले. कसोटी मात्र टिकली. 2009 मध्ये ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेने, स्नायू वाढवणारी औषधे शोधण्यासाठी नव्हे तर संप्रेरकांत ढवळाढवळ करणारी रसायने हुडकण्यासाठी, तिला अधिकृत मार्गदर्शिकेत जागा दिली.

इकडे काचेत ऊती वाढवण्याची कला स्वतंत्रपणे वाढत होती. 1907 मध्ये रॉस हॅरिसन यांनी बेडकाच्या भ्रूणातला मज्जातंतूचा तुकडा लसिकेच्या लोंबत्या थेंबात जिवंत ठेवला आणि त्यातून तंतू फुटताना पाहिले. 1912 मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत अलेक्सी कारेल यांनी कोंबडीच्या भ्रूणाच्या हृदयातला तुकडा वाढीला घातला. हे पेशींचे घराणे 1946 पर्यंत चालवले गेले आणि ‘अमर हृदय’ म्हणून वर्तमानपत्रांत गाजले. पुढे लिओनार्ड हेफ्लिक यांनी दाखवले की सामान्य पेशी ठरावीक वेळाच विभागतात. मग कारेलच्या पेशी इतकी वर्षे कशा टिकल्या? एक संभाव्य खुलासा असा की त्यांना खाद्य म्हणून जो भ्रूणाचा अर्क घातला जाई, त्यातूनच अधूनमधून ताज्या पेशी येत असाव्यात. पेशीपेक्षा पेशीला घातलेल्या पाण्यात काय आहे ते आधी पाहावे, हा धडा स्नायूच्या अभ्यासकांना पुढे पुन्हा गिरवावा लागला.

स्नायूच्या पेशीची आणखी एक अडचण होती. पायाच्या स्नायूतला एक तंतू म्हणजे अनेक केंद्रकांची एकच लांबलचक पेशी, आणि ती केंद्रके विभागत नाहीत. मग तंतू वाढतो, जखमेतून भरून येतो तो कसा? 1961 मध्ये रॉकफेलर संस्थेतच अलेक्झांडर मॉरो यांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बेडकाच्या स्नायुतंतूला चिकटून, त्याच्याच आवरणाखाली दडलेल्या लहान पेशी दिसल्या. त्यांना त्यांनी सॅटेलाइट पेशी म्हटले. या पेशी एरवी झोपलेल्या असतात. गरज पडली की जाग्या होऊन विभागतात आणि तंतूत विलीन होऊन त्याला नवी केंद्रके देतात. त्याच वर्षी स्टॉकडेल आणि होल्ट्झर यांनी दाखवले की एककेंद्रकी पेशी आधी डीएनए दुप्पट करतात आणि मग विभागणे सोडून एकमेकींत मिसळतात. 1963 मध्ये बाल्टिमोरच्या कार्नेगी संस्थेत अर्विन कोनिग्सबर्ग यांनी कोंबडीच्या भ्रूणातली एकेकटी पेशी वेगळी वाढवून तिच्यापासून स्नायूची पूर्ण वसाहत उभी केली. स्नायू होण्याची सगळी विद्या एकाच पेशीत असते, हे त्यातून सिद्ध झाले.

आता हवे होते न संपणारे भांडवल. ते इस्रायलच्या वाइझमन संस्थेत डेव्हिड याफे यांनी दिले. 1968 मध्ये त्यांनी उंदराच्या स्नायूपासून एल-6 ही पेशीशृंखला तयार केली, आणि 1977 मध्ये ओरा सॅक्सेल यांच्याबरोबर, जखमी केलेल्या मांडीच्या स्नायूतून, लहान जातीच्या उंदराची सी-2 शृंखला. तिच्यातून हेलन ब्लाउ यांच्या स्टॅनफर्डमधल्या प्रयोगशाळेने 1980 च्या दशकात निवडून काढलेली सी-2-सी-12 ही शाखा आज जगभर चालते.

या पेशी वाढवण्याची रीत ठरून गेलेली आहे. गुलाबी द्रवमाध्यमात गर्भस्थ वासराचे सीरम दहा टक्के घालतात. तापमान 37 अंश, हवेत पाच टक्के कार्बन डायऑक्साइड. बशीच्या तळाला चिकटलेल्या पेशी आधी चांदणीसारख्या, विखुरलेल्या दिसतात. दोनतीन दिवसांत त्या तळ भरून काढतात. मग ते पौष्टिक खाद्य उपसून त्या जागी घोड्याचे सीरम फक्त दोन टक्के घातलेले माध्यम ओततात. खुराक तुटला की पेशींचा नूर पालटतो. विभागणे थांबते, अंग लांबट होते, पेशी शेजारणीच्या अंगाला अंग लावून एका दिशेला रांगेत बसतात आणि चारपाच दिवसांत एकमेकींत मिसळून लांब नळ्या होतात. या नळीत केंद्रके ओळीने मांडलेली दिसतात. कधीकधी एखादी नळी सूक्ष्मदर्शकाखाली आपसूक आखडते. तिथे ना मज्जातंतू असतो ना हाड, तरी ती आखडते.

म्हणजे बशीत ‘वाढ’ हा शब्द दोन उलट गोष्टींना लागतो. पेशींची संख्या वाढणे ही एक वाढ, आणि संख्या वाढणे थांबून नळ्या होणे व त्या जाड होणे ही दुसरी. पहिली मोजायला किरणोत्सारी थायमिडीन घालून डीएनए बनवणाऱ्या पेशी मोजत. दुसरीसाठी किती टक्के केंद्रके नळ्यांत गेली, क्रिएटिन कायनेज हे विकर किती तयार झाले, किरणोत्सारी अमिनो आम्ल प्रथिनात किती शिरले, नळीची रुंदी किती, हे पाहत. एखादे संप्रेरक पहिल्या वाढीला खतपाणी घालते आणि दुसरीला अडवते, असेही होते. कोणती वाढ मोजली हे न सांगता ‘स्नायू वाढला’ असे सांगणाऱ्याचे बोलणे म्हणूनच अर्धवट असते.

1975 मध्ये अमेरिकेतल्या सिरॅक्यूज विद्यापीठातले जेम्स फ्लोरिनी आणि एम. एल. पॉवर्स यांनी जाहीर केले की टेस्टोस्टेरॉनचा बशीतल्या स्नायुपेशींवर थेट परिणाम होतो. डीएनए बनवणाऱ्या पेशींचे प्रमाण वाढते. मध्यस्थाशिवाय, पेशी आणि संप्रेरक समोरासमोर. परिणाम मात्र माफक होता, आणि इतर प्रयोगशाळांत तो दरवेळी दिसेना. कुणाला वाढ दिसली, कुणाला काहीच नाही. 1996 मध्ये डूमिट, कुक आणि मर्केल यांनी डुकराच्या सॅटेलाइट पेशींवर काम करताना तर असे पाहिले की टेस्टोस्टेरॉनने पेशींतले त्याचे ग्राही, म्हणजे त्याला पकडून घेणारी प्रथिने, वाढतात, पण नळ्या होण्याचे प्रमाण घटते. व्यायामशाळेत ज्याच्या नावाने शपथा घेतल्या जात होत्या, ते द्रव्य बशीत असे गुळमुळीत का वागते?

एक कारण सीरममध्येच होते. गाभण गाय कत्तलखान्यात आली की गर्भातल्या वासराच्या हृदयातून रक्त काढून त्याचे सीरम करतात. त्यात आईचे आणि वासराचे संप्रेरक आधीच मिसळलेले असतात: स्टेरॉइड, इन्सुलिन, वाढघटक, सगळे. अशा कढीत चिमूटभर टेस्टोस्टेरॉन टाकून चव बदलली का, हे विचारण्यात अर्थ नव्हता. उपाय म्हणून सीरममध्ये कोळशाची बारीक पूड ढवळून स्टेरॉइड शोषून घ्यायची आणि मग ती पूड काढून टाकायची, अशी पद्धत रूढ झाली. गोंधळ तिथेही संपला नाही. माध्यमाला गुलाबी रंग देणारे फिनॉल रेड हे आम्लता दाखवण्यासाठी घातलेले निरुपद्रवी रंगद्रव्य मानले जाई. 1986 मध्ये कॅट्झेनेलेनबोगेन यांच्या गटाने दाखवले की या गुलाबी माध्यमात स्त्रीसंप्रेरकासारखा हलका परिणाम दडलेला आहे. वर्षानुवर्षे संप्रेरकाचे प्रयोग ज्या द्रवात झाले, त्या द्रवातच एक संप्रेरकसदृश द्रव्य पोहत होते. फ्लोरिनी यांनी 1979 मध्येच सीरमविना स्नायुपेशी वाढवण्याचे माध्यम तयार केले होते, ते उगीच नव्हे.

दुसरे कारण पेशीत होते. टेस्टोस्टेरॉनला काम करायला पेशीत त्याचा ग्राही लागतो. उंदराच्या लेव्हेटर एनाय स्नायूत तो ग्राही 1972 मध्ये जुंग आणि बोलियू यांनी दाखवला; त्याचे जनुक 1988 मध्ये हाती आले. सी-2-सी-12 मध्ये हा ग्राही अगदी थोडा असतो. तिच्यात ग्राहीचे जनुक बाहेरून घातले, की टेस्टोस्टेरॉनने स्नायूची जनुके लवकर जागी होतात आणि नळ्या लवकर होतात. कुलूपच नसलेल्या दारात किल्ली फिरवून किल्ली खोटी आहे असे म्हणण्याचा हा प्रकार होता.

दरम्यान, बशीतले खरे बलवान दुसरेच निघाले. 1957 मध्ये सेंट लुइसमधल्या सॅमन आणि डॉहाडे यांना कूर्चेच्या तुकड्यांवर दिसले होते की वाढीचे संप्रेरक थेट घातले तर फारसे काही होत नाही. ते टोचलेल्या उंदराचे सीरम घातले तर होते. म्हणजे रक्तात दुसरा कुणी निरोप्या तयार होतो. 1978 मध्ये झुरिकच्या रिंडरक्नेख्ट आणि हुंबेल यांनी त्याची रचना वाचली, तोच आयजीएफ-१. फ्लोरिनी आणि डॅना युटन यांनी तो स्नायुपेशींवर घातला तेव्हा संख्यावाढ आणि नळ्या होणे, दोन्ही त्याने घडवले. बहुतेक वाढघटक यांपैकी एकालाच हात घालतात. 2001 मध्ये नळ्या जाड होण्यामागे एक्ट आणि एमटॉर या प्रथिनांची साखळी आहे हे सिद्ध झाले: आयजीएफने ती साखळी हलते, रायबोसोम जोमाने प्रथिने रचू लागतात, आणि रॅपामायसिन या औषधाने साखळी तोडली की नळी जाड होत नाही. टेस्टोस्टेरॉनचा काही भार आयजीएफमार्फतच वाहिला जातो, असेही पुढच्या प्रयोगांनी सुचवले. शिवाय 1975 मध्येच मेयर आणि रोझेन यांनी दाखवले होते की चयकारी स्टेरॉइड स्नायूतल्या, प्रथिने मोडायला लावणाऱ्या कॉर्टिसोन-वर्गाच्या ग्राहीवर जाऊन बसतात. म्हणजे रचण्याला हात देण्याइतकेच मोडणाऱ्याला आडवे येणे हेही त्यांचे काम असू शकते.

माणसाच्या बाबतीत शंका फिटायला 1996 उजाडले. अमेरिकेच्या क्रीडावैद्यक संघटनेने 1977 मध्ये, स्टेरॉइडने ताकद वाढते याला ठोस पुरावा नाही, असे निवेदन काढले होते. खेळाडूंनी त्यावर विश्वास ठेवला नाही, आणि सात वर्षांनी संघटनेलाच सूर बदलावा लागला. मग लॉस एंजेलिसमध्ये भारतीय वंशाचे शलेंदर भसीन यांच्या गटाने 43 पुरुषांवर रीतसर चाचणी घेतली. आठवड्याला 600 मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन एनॅन्थेट, दहा आठवडे. इंजेक्शन आणि व्यायाम दोन्ही असलेल्यांचे चरबीविरहित वजन सरासरी 6.1 किलोने वाढले; नुसत्या इंजेक्शनवाल्यांचे 3.2 किलोने. पुढे याच गटातल्या इंद्राणी सिन्हा-हिकिम यांनी मांडीच्या स्नायूचे नमुने तपासले. तंतू जाड झाले होते, सॅटेलाइट पेशी वाढल्या होत्या आणि टेस्टोस्टेरॉनचा ग्राही मुख्यतः त्या सॅटेलाइट पेशींतच दिसला. 2003 मध्ये भसीन यांच्याच प्रयोगशाळेने बशीत दाखवले की उंदराच्या, कोणतीही वाट धरू शकणाऱ्या मूळ पेशींना पुरुषी संप्रेरक स्नायूकडे वळवते आणि चरबीकडे जाऊ देत नाही.

2009 मध्ये बेल्जियमच्या ल्यूव्हेनमधल्या गटाने उंदराच्या स्नायुतंतूंतून टेस्टोस्टेरॉनचा ग्राहीच काढून टाकला. पायाचे स्नायू थोडेच घटले. लेव्हेटर एनाय मात्र खंगला. अर्धशतक ज्याच्या वजनावर औषधे जोखली, तो स्नायू इतरांचा प्रतिनिधी नव्हता, हे असे उशिरा पण निर्विवाद ठरले.

बशीतला स्नायू ताटातही गेला: 5 ऑगस्ट 2013 रोजी लंडनमध्ये शास्त्रज्ञ मार्क पोस्ट यांनी गाईच्या सॅटेलाइट पेशींपासून वाढवलेल्या मांसाचा बर्गर तळून दाखवला. त्यासाठी सुमारे 20,000 बारीक स्नायुपट्ट्या लागल्या आणि खर्च सुमारे अडीच लाख युरो आला. गाय न मारता मांस, असा त्याचा बोलबाला झाला. पेशी वाढवल्या होत्या गर्भस्थ वासराच्या सीरमवर. सीरमऐवजी आयजीएफ, इन्सुलिन आणि इतर घटक मोजून घातलेले माध्यम तयार करणे हा तेव्हापासून या उद्योगातल्या संशोधनाचा मोठा भाग झाला आहे.

भारतातल्या प्रयोगशाळांना एल-6 आणि सी-2-सी-12 पेशी पुरवणारे मोठे भांडार पुण्यात, विद्यापीठाच्या आवारातल्या नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्समध्ये आहे. प्राणिपेशींच्या राष्ट्रीय सुविधेच्या रूपाने ही संस्था सुरू झाली. तिथून आलेल्या पेशींवर टेस्टोस्टेरॉनचा प्रयोग करायचा असेल, तर संप्रेरकाचा पहिला थेंब घालण्याच्या आधी सीरम कोळशाच्या पुडीत ढवळून घ्यावे लागते आणि माध्यम बिनरंगाचे मागवावे लागते.